प्लेग, पुतळा आणि पिवळा तारा

नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते भेटतात. एक मुंबईहून येऊन आग्र्याकडे जातो, दुसरा इथूनच पुण्याची वाट धरतो. पुण्याच्या वाटेवर तीसेक किलोमीटरवर सिन्नर लागतं. १८९८ च्या जानेवारीत या सिन्नरमध्ये प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध दंगल पेटली होती. आज सिन्नरच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तिची खूणही दिसणार नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही ती एखाद्या ओळीत उरकली जाते. मला ती ओळ महत्त्वाची वाटते. कोरोनाच्या साथीच्या काळात बर्लिन, रोम, ओटावा इथे लसीविरोधी मोर्चे निघाले, त्यांत अतिउजव्या टोळ्या आपले झेंडे घेऊन घुसल्या, आणि आपण ते दूरदेशीचं वेड म्हणून टीव्हीवर पाहिलं. पण साथ, सरकारची दांडगाई, लोकांचा खरा संताप आणि त्या संतापावर मांड ठोकून बसणारं, आधीपासूनच तयार असलेलं कडवं राजकारण ही साखळी आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी घडून गेली आहे. मुंबई, पुणे आणि नाशिक या तीन शहरांच्या मध्ये, याच दोन रस्त्यांवर.

सुरुवात मुंबईपासून. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीतल्या एका रुग्णाच्या जांघेतली गाठ पाहून डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी निदान केलं, की हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे. महिन्या-दोन महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. बोरीबंदरच्या गाड्या भरभरून गावाकडे निघाल्या आणि माणसांबरोबर रोगही निघाला. सरकार घाबरलं होतं. रोग पसरतो कसा हे अजून कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. उंदरावरची पिसू हा त्यातला दुवा आहे हे सिद्ध व्हायला पुढची कितीतरी वर्षं जायची होती. तेव्हा घाण, कोंदट घरं आणि गरिबांची वस्ती यांच्यावरच सगळा राग निघाला. ज्या घरांत राहणं धोक्याचं ठरवलं गेलं त्यांच्या भिंतीवर सरकारी माणूस तीन इंग्रजी अक्षरं रंगवून जाई: यू. एच. एच. माणसांनी राहायला नालायक, असा त्याचा अर्थ. आत राहणाऱ्याला अक्षरं वाचता येत नसत, पण आपल्या दारावर डाग पडला एवढं त्याला कळत असे.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघा चार कलमांचा कायदा. कुणालाही गाडीतून उतरवून तपासण्याचा, घरात शिरण्याचा, रुग्णाला उचलून नेण्याचा आणि घर पाडण्याचा अधिकार सरकारला त्याने मिळाला, आणि सद्हेतूने काही केलं असेल तर अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही अशी ढालही मिळाली. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

लोकांचा राग कायद्याच्याही आधी फुटला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, हे ते रोज पाहत होते. बहुतेक जण शेवटच्या घटका मोजत असतानाच तिथे पोहोचत, त्यामुळे परत येणारे थोडेच असणार, हा हिशेब त्यांना कुणी समजावून सांगितला नव्हता. मग अफवांना ऊत आला. रुग्णांना उलटं टांगून त्यांच्या डोक्यातून मोमियाई काढतात, असं लोक म्हणत. दुसरी अफवा त्याहून विलक्षण होती. मुंबईच्या फोर्टात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. त्या ऑक्टोबरमध्येच कुणीतरी रात्री त्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. त्या अपमानाने राणी खवळली असून तिने माणसांची काळजं मागितली आहेत, म्हणून दवाखान्यात माणसं मारतात, ही ती अफवा.

पुतळ्याला डांबर फासणारा हात पुढे वर्षभराने उघडकीला आला. तो चिंचवडच्या दामोदर हरी चापेकरांचा होता. म्हणजे प्लेगच्या दवाखान्याभोवती जे भय दाटलं, त्यातल्या एका धाग्याचं टोक एका तरुणाने रात्री उरकलेल्या प्रतीकाच्या कृत्याशी जाऊन मिळतं. डांबर फासताना आजारी माणसांचा विचार त्याच्या मनात नसणार. परिणाम मात्र त्यांना भोगावे लागले. दवाखान्याला भिऊन किती जण घरातच लपून राहिले असतील, याची नोंद कोण ठेवणार?

फेब्रुवारी १८९७ पर्यंत पुण्यात प्लेगने घर केलं. सरकारने तिथे डब्ल्यू. सी. रँड या सनदी अधिकाऱ्याला प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून पाठवलं. १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. त्या शोधमोहिमेत काय झालं ते त्या काळच्या अर्जांत, वर्तमानपत्रांत आणि घराघरांतल्या आठवणींत विखुरलेलं आहे. बूट घालून सोजीर माजघर ओलांडून थेट देवघरात आणि चुलीपाशी जात. कोठीतलं धान्य, गाद्या, कपडे अंगणात फेकून जाळले जात. जमीन उकरली जाई, भिंतींना चुना फासला जाई. बायकांना रस्त्यावर उभं करून काखेत, जांघेत गाठ आहे का ते पाहिलं जाई. एक रुग्ण सापडला की त्याच्याबरोबर घरातली सगळी धडधाकट माणसंही गावाबाहेरच्या सेग्रिगेशन कँपात जात, आणि परत येऊन पाहावं तर घर धुऊन नेलेलं असे. पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल जाहीर तक्रार केली. त्या सरकारच्या वैरी नव्हत्या आणि सनातन्यांच्या तर मुळीच नव्हत्या, म्हणून त्यांच्या तक्रारीला मोल आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याच्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं सांगितलं. पुढे पुरावा द्यायला कुणी उभं राहिलं नाही, आणि मायदेशी येताच त्यांना माफी मागावी लागली. ती माफी त्यांच्या विरोधकांनी वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडावर फेकली.

लोकांची तक्रार खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती कुठल्या एका जातीची किंवा धर्माचीही नव्हती. आर्थर रोडवर चालून गेले ते बहुतेक हिंदू गिरणी कामगार. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या रिपन रोडवर दंगल झाली ती जुलाहा मुसलमान विणकरांची, घरातल्या एका आजारी मुलीची तपासणी करू द्यायला त्यांनी नकार दिला म्हणून. सिन्नर त्याच्या दोन महिने आधीचं. १८९८ च्या मे महिन्यात कलकत्त्यात लस टोचण्याच्या नुसत्या बातमीवरून दंगे झाले, १९०० मध्ये कानपुरात. घरात परका माणूस शिरतो, आजारी मूल हिसकावून नेतो, मेलेल्याचं तोंडही पाहू देत नाही, हे दुःख ज्याच्या वाट्याला आलं तो मराठा असो, जुलाहा असो की ब्राह्मण, सारखाच पेटला.

हे दुःख सगळ्यांचं होतं. ज्या निशाणाखाली ते पुढे नेलं गेलं, ते निशाण मात्र सगळ्यांचं नव्हतं. त्यासाठी चापेकरांकडे जरा सावकाश पाहायला हवं.

दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव ही हरी विनायक चापेकर या कीर्तनकारांची मुलं. वडिलांच्या कीर्तनात साथ करत फिरलेली, तालमीची आवड असलेली. दामोदरांना पलटणीत शिरायचं होतं, ते जमलं नाही. मग त्यांनी पुण्यात मुलं जमवून कसरतीचा, दांडपट्ट्याचा गट उभा केला. तुरुंगात त्यांनी जे आत्मवृत्त लिहिलं त्यातून त्यांच्या मनाचा नकाशा मिळतो, आणि तो वाचताना मराठी वाचकाला अवघडल्यासारखं होतं. इंग्रजांवर राग आहेच. तितकाच सुधारकांवर आहे, मिशनऱ्यांवर आहे, मुसलमानांवर आहे. धर्म बुडवणाऱ्या सुधारकांना अंधारात गाठून मारहाण केल्याचं ते अभिमानाने सांगतात. टिळकसुद्धा त्यांना पुरते धर्मनिष्ठ वाटत नव्हते. हे सगळं रँड पुण्यात येण्याच्या आधीचं. रँडचं नावही त्या वर्तुळाला नवं नव्हतं. १८९४ मध्ये वाईला मशिदीजवळ वाद्यं वाजवल्यावरून त्याने ब्राह्मणांना तुरुंगात घातलं होतं. पुण्यात प्लेगचा अधिकारी म्हणून आला तो त्यांच्या लेखी वाईचाच रँड होता.

रँड पुण्यात येण्याआधीची पाच-सहा वर्षं महाराष्ट्रात प्रतीकांच्या घडणीची होती. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला तेव्हाच 'सरकार आमच्या घरात शिरतं' ही आरोळी उठली होती. तेव्हा प्रश्न होता दहा वर्षांच्या बायकोचा. १८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुसलमान दंग्यांनंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने बाळसं धरलं, मेळे निघाले, आणि काही मेळ्यांतली पदं ताबुतांना जाणाऱ्या हिंदूंना उघड टोचणारी होती. १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी उत्सव झाला. हे उत्सव केवळ द्वेषाने उभे राहिले, असं म्हणणारा महाराष्ट्र ओळखत नाही. गुलामीत पिचलेल्या लोकांना एकत्र येऊन ताठ मानेने उभं राहण्याची जागा त्यांनी दिली, हे मी मानतो. पण शिवाजीचं निशाण एकट्या पुण्याच्या ब्राह्मणी राजकारणाचं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्येच शिवाजीचा पोवाडा रचला होता, आणि त्यातला शिवाजी कुळवाड्यांचा राजा होता. तोच राजा, दोन हातांत दोन निशाणं.

जून १८९७ मध्ये पुण्यात शिवाजी उत्सव झाला. अफझलखानाचा वध योग्य की अयोग्य यावर व्याख्यानं झाली. १५ जूनच्या 'केसरी'त त्याचा वृत्तांत आला, आणि सोबत शिवाजी महाराज आजची स्थिती पाहून काय म्हणतील अशा कल्पनेची एक कविता. तिच्याखाली कवीचं नाव नव्हतं, भवानी तलवारीची निशाणी होती. आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावरून रँड परतत असताना 'गोंद्या आला रे' ही खुणेची हाक उठली. दामोदरांनी रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्णांनी झाडली. आयर्स्टचा प्लेगशी काही संबंध नव्हता. तो जागीच गेला. रँड ३ जुलैला मेला. पुण्याच्या सरदार नातू बंधूंना चौकशीशिवाय डांबलं गेलं, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात दामोदर फासावर गेले. फितूर द्रविड बंधूंना मारल्यावर वासुदेव, बाळकृष्ण आणि त्यांचा साथीदार महादेव रानडे यांना १८९९ च्या मे महिन्यात फाशी झाली. एका आईचे तीन मुलगे गेले. त्यांच्या धैर्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो आणि तो यावाच.

तरीही विचारायला हवं, की या सगळ्यात प्लेगचा रोगी कुठे होता?

तो सावित्रीबाईंच्या पाठीवर होता. सावित्रीबाई फुल्यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणलं, आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडच्या सोजिरांची शोधमोहीम सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस होते. त्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या सेवेतच प्लेगने गेले. टिळकही पुणे सोडून पळाले नाहीत. पुढारी पळत असताना ते राहिले, हिंदू प्लेग रुग्णालय चालवायला त्यांनी मदत केली, रोग्याला वेगळं ठेवणं गरजेचं आहे असं लिहिलं. सरकारच्या रीतीवर त्यांनी कोरडे ओढले, वैद्यकावर नव्हे. १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. जुलमाला विरोध आणि रोग्याची सेवा एकाच माणसाला एकाच वेळी करता येते, हे तेव्हाच्या पुण्यात दिसत होतं. पुढे आठवणीत उरली ती मुख्यतः गोळी.

आता नाशिक. भगूर हे नाशिकजवळचं गाव, सावरकरांचं. दामोदर चापेकरांच्या फाशीची बातमी तिथे पोचली तेव्हा विनायक पंधरा वर्षांचाही झाला नव्हता. त्याने घरच्या अष्टभुजा भवानीपुढे शत्रूला मारता मारता मरेन अशी शपथ घेतली, आणि चापेकरांवर फटका रचला. पुढच्याच वर्षी प्लेग भगुरात आला. सप्टेंबर १८९९ मध्ये वडील दामोदरपंत गेले, मग चुलते. धाकटा नारायण आजारी पडला, त्याला नाशिकच्या प्लेग रुग्णालयात आणलं, तर शुश्रूषा करणाऱ्या थोरल्या बाबारावांनाही गाठ आली. दोघे वाचले. प्लेगच्या घरातल्या माणसांना कुणी दारात उभं करत नसे, अशा वेळी नाशिकच्या दातारांनी या कुटुंबाला तीळभांडेश्वराच्या बोळात आसरा दिला. त्या दिवसांत त्यांची ओळख त्र्यंबकराव म्हसकर आणि रावजी कृष्ण पागे या दोघांशी झाली. सरकारी नोकरीत असलेली, देशप्रेमाने भारलेली ही साधी माणसं. त्यांच्याबरोबर विनायकाने गुप्त मंडळ काढलं आणि १९०० च्या आरंभी 'मित्रमेळा' उभा राहिला. मित्रमेळ्याने नाशिकमध्ये शिवाजी उत्सव केले, गणेशोत्सवात पदं म्हटली. आणि प्लेगने मेलेल्यांना खांदा द्यायला सख्खे नातलग पुढे येत नसत, तेव्हा या पोरांनी प्रेतं उचलून नेली.

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. मित्रमेळ्याचं पुढे १९०४ मध्ये 'अभिनव भारत' झालं. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे ठाण्यात फासावर गेले. क्रांतिकारी कटांची चौकशी करणाऱ्या रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालाची सुरुवातच गणपती उत्सव, शिवाजी उत्सव आणि रँडच्या खुनापासून होते. इंग्रजांना यात फक्त कट दिसला. आपल्याला फक्त हौतात्म्य दिसतं. खांद्यावरची प्रेतं दोघांनाही दिसत नाहीत.

या काळात लस होती का? होती, आणि ती मुंबईतच तयार झाली होती. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. तिथल्या ज्यूंवर हल्ले होत, तेव्हा तो तरुणपणी ज्यूंच्या संरक्षक दलात होता. धर्म बदलला असता तर त्याला रशियात मोठी जागा मिळती. त्याने बदलला नाही, देश सोडला आणि तो पॅरिसला पाश्चर संस्थेत गेला. पटकीच्या लसीसाठी तो १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला. प्लेग सुरू झाल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत रात्रंदिवस खपून त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, तरी त्याने काम थांबवलं नाही. भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर ती तपासली गेली. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी लोकांसमोर लस घेतली आणि आपल्या अनुयायांची भीती मोडली. १८९८ मध्ये हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली. ज्या मुलखात सोजिरांनी दारं फोडली होती, तिथेच विश्वासातला माणूस पुढे आला की लोक आपणहून दंड पुढे करत होते.

मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल इथे लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. एकाच बाटलीतली लस होती. ठपका हाफकिनवर आला आणि त्याला निलंबित केलं गेलं. पुढे बाटलीचं बूच गावात उघडताना चिमटा निर्जंतुक केला नव्हता असं दिसून आलं, रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. पण तो ज्यू होता, परका होता, ही कुजबुज या सगळ्या प्रकरणाभोवती घुटमळत राहिली. फ्रान्समध्ये एका ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या देशद्रोहात गोवलं गेलं, त्या द्रेफ्यूस प्रकरणाशी त्याची तुलना तेव्हाच झाली.

इथे ही गोष्ट आपल्या काळाला येऊन मिळते. युरोपात लसीचा आणि ज्यूद्वेषाचा संबंध जुना आहे. जर्मनीत १८७४ च्या कायद्याने देवीची लस सक्तीची झाली. लसीला विरोध करणाऱ्यांत सगळे वाईट होते असं नाही. इंग्लंडमध्ये १८८५ साली लेस्टरला निघालेल्या प्रचंड मोर्चात साधे कामगार होते, दंड भरून भरून कंगाल झालेले आईबाप होते. पण जर्मनीत ऑयगेन ड्यूरिंग या लेखकाने १८८१ मध्ये ज्यूंविरुद्धच्या पुस्तकात लस हे ज्यू डॉक्टरांनी पैशासाठी रचलेलं थोतांड आहे असं लिहून टाकलं. संताप सक्तीचा होता, ड्यूरिंगने त्याला शत्रू पुरवला.

२९ ऑगस्ट २०२० रोजी बर्लिनमध्ये कोरोनाच्या निर्बंधांविरुद्ध हजारो लोक जमले. त्यांत मुलांना कडेवर घेतलेल्या बायका होत्या, योग शिकवणारे होते, धंदा बुडालेले दुकानदार होते. संध्याकाळी त्यांतले काही शे जण जुन्या कैसरच्या साम्राज्याचे काळे-पांढरे-लाल झेंडे घेऊन संसदेच्या पायऱ्यांवर चढले. तो झेंडा आज जर्मनीतले नवनाझी मुद्दाम वापरतात, कारण हाकेनक्रॉइझ या नाझी चिन्हावर कायद्याने बंदी आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी रोममध्ये लसीच्या दाखल्याविरुद्धच्या मोर्चातून 'फोर्झा नुओवा' या फॅसिस्ट गटाच्या पुढाऱ्यांनी जमाव सर्वांत मोठ्या कामगार संघटनेच्या कार्यालयात घुसवला. महिनाअखेरीला नोव्हारा शहरात मोर्चेकरी छळछावणीतल्या कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून, काटेरी तार धरून चालले. जानेवारी २०२२ च्या शेवटी ओटावात ट्रकवाल्यांनी राजधानी अडवली, तेव्हा त्यांच्यामध्ये अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांचा झेंडा आणि नाझी झेंडाही फडकला.

सगळ्यांत जास्त सलतो तो पिवळा तारा. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला तो छातीवर शिवावा लागे, आणि पुढे त्यांना गाडीत कोंबण्यासाठी हीच खूण उपयोगी पडली. २०२० पासून मोर्चेकरी तोच तारा छातीवर लावून, मध्ये 'ज्यू' ऐवजी 'लस न घेतलेला' असं लिहून फिरू लागले. म्युनिक शहराने त्यावर बंदी घातली. हॉटेलात शिरू न दिलेल्या माणसाने स्वतःची तुलना गॅसच्या कोठडीत घातलेल्या मुलाशी करायची, आणि त्याच मोर्चात शेजारी त्या मुलाच्या मारेकऱ्यांचे वारस झेंडा घेऊन चालायचे! हाफकिनसारख्या ज्यूने स्वतःच्या अंगावर पहिली सुई घेऊन जगाला जे दिलं, त्याविरुद्ध त्याच्याच लोकांच्या मरणाची खूण वापरली गेली. याला मी निर्लज्जपणा म्हणतो, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

चापेकरांना या लोकांच्या रांगेत बसवणं मात्र अन्यायाचं होईल. पुण्यातलं सरकार परकं होतं, त्याला मतपेटीतून खाली खेचता येत नव्हतं. तक्रार करावी तर ऐकणारा साहेबच, आणि लिहावं तर तुरुंग. बर्लिनमध्ये न्यायालयाने मोर्चाला परवानगी दिली होती, ओटावात निवडणूक होऊन सहा महिनेही झाले नव्हते. हा फरक पुसून टाकणारा इतिहासलेखक खोटं बोलतो. आणि तरी साम्य आहे, ते पाहण्याचं धैर्य आपल्याला हवं. दोन्हीकडे आधी वैर होतं, साथ नंतर आली. दोन्हीकडे साथीने त्या वैराला कधी न मिळालेली गर्दी मिळवून दिली. आणि गर्दी जमवून देण्याचं काम सरकारच्या उद्दामपणाने केलं. पुण्यात त्याला बूट होते.

नाशिकमध्ये २०२१ साली असा कुठलाही झेंडा निघाला नाही. इथली वेदना वेगळी होती. द्वारकेजवळच्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि प्राणवायूचा दाब कमी होऊन त्याच दिवशी २२ रुग्ण गेले. नातलग आपल्या माणसाच्या छातीवर हात मारत होते, रिकामे सिलिंडर हलवून पाहत होते. संतापाला याहून मोठं कारण काय हवं? त्यानंतरच्या आठवड्यांत नाशिककर लसीच्या केंद्रांबाहेर पहाटेपासून रांगा लावून उभे होते. जूनमध्ये सिडको भागातल्या एका ज्येष्ठ नागरिकाने दुसऱ्या डोसनंतर अंगाला चमचे आणि नाणी चिकटत असल्याचं सांगितलं, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हा दावा शांतपणे खोडून काढला, सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही खुलासा केला. मालेगावात लसीकरण रखडलं, तेव्हा प्रशासनाला मौलानांकडे जाऊन मदत मागावी लागली. दारं फोडण्यापेक्षा ही वाट बरी, हे आगाखानांच्या वेळीही दिसलं होतं. अफवा होत्या, भीती होती, पण त्यांना निशाण देणारं कुणी भेटलं नाही, आणि शहराने ते शोधलंही नाही. ती लस बहुतेकांना मिळाली ती हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून, जिथे कधीकाळी सावित्रीबाई आणि यशवंत यांनी प्लेगचा दवाखाना उभा केला होता त्याच परिसरातून.

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरून मुलांना नेताना आपण त्यांना गोळीची गोष्ट सांगतो. ती सांगावीच. त्याबरोबर म्हसकर, पागे आणि दातार यांचीही सांगा. प्लेगच्या घरातल्या पोरांना दारात घेणारे आणि बेवारस प्रेतं उचलणारे लोकही याच गावचे होते. आणि सिन्नरच्या दंगलीबद्दल, पुण्यातल्या सोजिरांबद्दल, हाफकिनबद्दल तुमच्या घरात कुणी आजा-पणज्याने काही सांगितलेलं असेल, एखादं पत्र किंवा वहीचं पान जपलेलं असेल, तर ते लिहून काढा आणि सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या.